व्यवसायजन्य ताण

व्यवसायजन्य ताण : कामाच्या मागण्या आणि त्या पुऱ्या करण्यासाठी कर्मचाऱ्याजवळ असलेली शक्ती, कौशल्य, साधने व अधिकार यांचा दीर्घकाळ मेळ न बसल्यास जी शारीरिक व मानसिक अवस्था उद्भवते, तीस व्यवसायजन्य ताण असे म्हणतात. श्रम आणि ताण या भिन्न गोष्टी आहेत. श्रमाने आलेला थकवा विश्रांतीने जातो. ताण मात्र काम संपल्यानंतरही टिकून राहतो व झोपेतही व्यत्यय आणतो. सर्वच ताण अपायकारक नसतो. माफक उत्तेजनेने काम सुधारते व ती प्रमाणाबाहेर गेल्यास बिघडते, हे रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे १९०८ मध्येच मांडले होते.

संकल्पनेचा विकास : ताणाच्या शरीरक्रियावैज्ञानिक अभ्यासाचा पाया वॉल्टर कॅनन व हॅन्स सेल्ये यांनी घातला. धोक्याच्या प्रसंगी शरीर लढण्यास वा पळण्यास सज्ज होते, हे कॅनन यांनी दाखविले. तर सेल्ये यांनी १९३६ मध्ये निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठराविक रीतीने प्रतिसाद देते, असे प्रतिपादन केले. या प्रतिसादाच्या इशारा, प्रतिकार व शक्तिक्षय अशा तीन अवस्था त्यांनी कल्पिल्या. कामाच्या ठिकाणचा धोका हिंस्र पशूसारखा क्षणिक नसतो. वरिष्ठांचा धाक, अपुरी मुदत, नोकरीची अशाश्वती ही संकटे महिनोन्‌महिने चालतात. त्यांच्याशी लढता येत नाही आणि त्यांपासून पळताही येत नाही. त्यामुळे अल्पकाळासाठी असलेली शरीराची सज्जता कायमची होऊन बसते.

कारणे : कामाचा अतिरेक हे ताणाचे सर्वपरिचित कारण असले, तरी ते एकमेव नव्हे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार कामाच्या मागण्या मोठ्या आणि ते कसे करावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य थोडे, अशी स्थिती सर्वांत ताणकारक असते. म्हणूनच निर्णयांचा भार वाहणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा यंत्राच्या गतीने हात चालविणारा कामगार, गर्दीने भरलेल्या बसमधील वाहक किंवा दूरध्वनीवर ठरलेलीच वाक्ये बोलणारा कर्मचारी यांना ताणाचा उपद्रव अधिक होण्याचा संभव असतो. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम आणि त्यांचा मोबदला यांतील असमतोलावर भर दिला. मोबदल्यात वेतनाबरोबरच मान व नोकरीची शाश्वती यांचाही समावेश त्यांनी केला. भारतात उदय पारीक यांनी भूमिकाताणाची मापनश्रेणी तयार केली. आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे हे न कळणे, परस्परविरोधी अपेक्षा असणे, काम आणि कुटुंब यांच्या मागण्यांची ओढाताण होणे इ. प्रकार तीत मोडतात.

परिणाम : ताणाच्या वेळी अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते आणि अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल ही हॉर्मोने स्रवतात. हृदयाची गती, रक्तदाब व रक्तातील साखर वाढते. ही स्थिती वारंवार उद्भवत राहिल्यास उच्च रक्तदाब, हृद्‌रोहिणी विकार, निद्रानाश, डोकेदुखी, मान व पाठीचे दुखणे, पचनाच्या तक्रारी यांस वाव मिळतो. पचनमार्गातील व्रणांचे मुख्य कारण ताण हेच होय, हा पूर्वीचा समज मात्र मागे पडला आहे. बहुतेक व्रण विशिष्ट जंतुसंसर्गाने किंवा वेदनाशामक औषधांमुळे होतात. मानसिक परिणामांत चिडचिड, चिंता, अवसाद, एकाग्रतेचा अभाव व व्यसनाधीनता हे प्रमुख आहेत. दीर्घकालीन ताणातून येणारी हतबल शिणावस्था हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये वर्णिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची नोंद रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून झाली आहे.

ब्रिटिश शासकीय कर्मचाऱ्यांच्या १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे हृद्‌रोहिणी विकाराने होणारे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपानादी कारणांनी या तफावतीचा काही भागच स्पष्ट झाला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत कामावरील अल्प नियंत्रणाचा या विकाराशी संबंध दिसून आला. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्यास ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृद्‌रोहिणी विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : ‘ताण’ ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातील गिरणी कामगारांनी तिच्या मुळाशी असलेल्या गोष्टी ओळखल्या होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये मुंबईत झालेल्या कामगारांच्या सभांनी रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेवर मर्यादा, वेळेवर वेतन आणि जखमी कामगारास भरपाई अशा मागण्या केल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. यांतील प्रत्येक मागणी कामाच्या रचनेविषयी आहे. कामगाराने अधिक सोशीक व्हावे, असे तीत कोठेही नाही.

याच काळात नागपुरात मालकाच्या बाजूने असा प्रयत्न झाला. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगारांच्या वारंवार होणाऱ्या गैरहजेरीस केवळ दंडाने उत्तर न देता तेथे नियमित हजेरीबद्दल बक्षिसे ठेवण्यात आली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. हवा आर्द्र ठेवणारी यंत्रेही बसविण्यात आली. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटत असल्याने त्यांचा पहिला लाभ सुताला होता. सूत वारंवार तुटले, तर ते जोडणाऱ्याचीही धावपळ होते. परंतु उष्ण व दमट हवा मनुष्यास क्लेशकारक असते. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कृत्रिम आर्द्रतेवर स्वतंत्र कलम घालावे लागले, ते याचमुळे. यंत्राची सोय आणि माणसाची सोय दर वेळी एक नसते, हे यावरून लक्षात येते. १९८६ मध्ये ही मिल राज्य शासनाच्या अखत्यारीत गेली व पुढे बंद पडली. काम करीत असतानाच्या ताणाइतकाच काम जाण्याचा ताणही तीव्र असतो, याचा अनुभव तेव्हा शहरातील गिरणी वस्त्यांना आला.

नागपूरच्या श्रमजीवनाचे स्वरूप त्यानंतर पालटले. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर यांसारख्या दक्षिण-पश्चिम भागातील वसाहतींत कार्यालये, बँका, शाळा, रुग्णालये यांतील नोकरदारांची वस्ती वाढली. परसोडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्यान व मिहान प्रकल्प यांमुळे संगणकीय सेवांची भर पडली. येथे भोंगा नाही. त्यामुळे काम कधी संपले, हे सांगणारे कोणी नाही. परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार होणारी रात्रपाळी शरीराची दैनिक लय बिघडविते, तर भ्रमणध्वनीवरून येणारे निरोप घरातही कार्यालय आणतात.

नियमन : ताणनियमनाचे उपाय तीन पातळ्यांवर योजले जातात. पहिली पातळी कामाच्या रचनेची होय. कामाचे वाजवी वाटप, जबाबदारीबरोबर अधिकार, पाळ्यांचे आगाऊ वेळापत्रक, सलग रात्रपाळ्या टाळणे, तक्रार निर्भयपणे मांडण्याची सोय हे उपाय तीत येतात. १९५३ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदाबाद येथे कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांवर ए. के. राइस यांनी केलेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सुट्या सुट्या कामांत विभागलेल्या कामगारांचे लहान गट करून ठराविक मागांची जबाबदारी प्रत्येक गटाकडे सोपविताच उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते. बदलली ती कामाची वाटणी.

दुसरी पातळी वैयक्तिक आहे. पुरेशी झोप, नियमित व्यायाम, श्वसनाभ्यास, योगासने, ध्यान, छंद, आप्तमित्रांचा सहवास यांनी शरीराची उत्तेजित अवस्था शमण्यास मदत होते. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेने (स्थापना १९२४) योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा सुरू केली. तथापि हे उपाय पूरक आहेत. बारा तासांच्या कामानंतर सक्तीने घेतलेला ध्यानवर्ग हा कर्मचाऱ्याच्या विश्रांतीतूनच वेळ काढून घेतो. तिसरी पातळी उपचारांची. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, निद्रानाश वा जीव नकोसा वाटणे ही लक्षणे दिसताच वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. त्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालये, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा (१४४१६) उपलब्ध आहेत.

विधी : भारतात १८९१ च्या कायद्याने कारखान्यांत साप्ताहिक सुटी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांत ४८ तासांचा आठवडा झाला व १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तो कायम केला. त्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा, सिलिकामयता, गोंगाटजन्य बहिरेपणा इ. रोग होते, परंतु मानसिक विकार एकही नव्हता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. दिवसाचे आठ तास व जादा कामास दुप्पट वेतन ही तत्त्वे तीत आहेत. तथापि व्यवस्थापकीय पदांवरील कर्मचारी ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत, आणि अमर्याद तासांची तक्रार त्या वर्गातूनही होत असते.

ताण हा व्यक्तीच्या मनोदौर्बल्याचा पुरावा मानला, की त्याविषयी बोलणे लाजिरवाणे ठरते आणि तो असाध्य होईपर्यंत लपविला जातो. कामाच्या रचनेतील दोषाचे ते लक्षण मानले, तर धूळ, उष्णता व गोंगाट यांप्रमाणे त्याचेही मोजमाप व निवारण करता येते. १८८४ मधील गिरणी कामगारांच्या मागण्या आणि आधुनिक संशोधनाचे निष्कर्ष यांत आढळणारे साम्य हेच दर्शविते.