दहाव्या एकापाशी

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्यासारख्या गावी शाळकरी मुलाला गणित म्हणजे काय असे विचारले, तर पाढे, हातचा आणि गुरुजींनी तपासलेले उत्तर असेच तो बहुधा सांगेल. उत्तर बरोबर की चूक एवढे कळले की विषय संपतो. उत्तर तसेच का आले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून तो वर्गातही येत नाही.

अशा वर्गात फळ्यावर एकच गुणाकार मांडून पाहावा. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येला तिनेच गुणले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या येते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच! अंक सतरा. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त स्थानांची जी नावे दिली, त्यांत सतराव्याचे नाव ‘मध्य’ आणि अठराव्याचे ‘परार्ध’. म्हणजे ही संख्या परार्धाच्या उंबरठ्यावर उभी आहे. साध्या गणकयंत्रात आठ-दहा अंकांपुरतीच जागा असते, त्यामुळे ते यातले शेवटचे अंक गाळते. पाटी मात्र ते गाळीत नाही.

अशा संख्यांवर जीव लावणारा गणिती महाराष्ट्रातच होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या अंकाने त्यांचे नाव जगभर गेले. पण वरील संख्या ज्या कुळातली, त्याला त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले होते, आणि तेही एका रेल्वे स्थानकावरून. आजचे डोंबिवली ते हेच. हे खेळ उथळ आहेत असे म्हणणारे विद्वान त्या काळी कमी नव्हते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या स्तंभात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कोठे पुष्कळांचे लक्ष तिकडे वळले. परक्याने वाखाणल्यावाचून घरचे माणूस दिसू नये, ही आपली जुनी खोड.

खेळ उथळ आहे की नाही, ते गुणाकार उभा मांडला की कळते. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक, पुढच्यात दोन, असे वाढत मधल्या घरात नऊ; मग उतरण. कोठेही बेरीज नवापुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि डोंगर अखंड राहतो. यात चमत्कार नाही.

आता त्याच मुलाला दहावा एक लिहू द्यावा. मधल्या घरात दहा होतात, हातचा डावीकडे जातो, तेथल्या नवाचेही दहा होतात, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी उतरण शाबूत आहे, पण डाव्या चढणीवरचा आठ नाहीसा झाला आहे. तो कोठे गेला, हे मुलाने पाटीवर शोधावे. गुरुजींनी तेवढा वेळ उत्तर सांगू नये.