मस्टँगच्या बॉनेटखालची कैची

जुन्या फोर्ड मस्टँगचं बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे दोन जाडजूड खांब दिसतात. हे शॉक टॉवर. पुढच्या चाकांच्या कॉइल स्प्रिंगा आणि शॉकअप यांची वरची टोकं याच खांबांत अडकवलेली असतात. चाक खड्ड्यात आपटलं की तडाखा शेवटी इथेच येऊन पोचतो. साठ वर्षं असे तडाखे खाल्लेल्या गाडीत हे खांब पुष्कळदा एकमेकांकडे कललेले सापडतात, काहींच्या पत्र्याला तडेही गेलेले असतात. म्हणून या गाड्यांचे शौकीन दोन्ही खांबांना जखडणारा दांडा बसवतात. तयार दांडे मिळतात, पण इंजिन बदललेलं असेल किंवा एअर क्लीनर उंच असेल तर ते बसत नाहीत. मग आपल्या गाडीच्या मापाचा दांडा घडवणं आलं. वरवर पाहता हे वेल्डरचं काम आहे, पण त्यातला अवघड भाग भूमितीचा आहे.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या देखण्या रूपाखाली बराचसा सांगाडा फाल्कन या साध्या, स्वस्त गाडीचा होता. जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी तिला नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. शिवाय पुढची स्प्रिंग सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर नसून वरच्या आर्मवर बसते. आर्म म्हणजे तरफच. बाहेरच्या टोकाला चाकाचा भार, आतल्या टोकाला बिजागरी, मध्ये स्प्रिंग. साहजिकच स्प्रिंगवर आणि तिच्यामार्फत टॉवरच्या माथ्यावर चाकावरच्या भारापेक्षा बराच जास्त जोर येतो. हा जोर बॉडीच्या मुख्य लांबट तुळईच्या बाहेरच्या अंगाला वर रेटतो, म्हणून टॉवर सरळ उचलला जात नाही. त्याचा माथा आतल्या बाजूला झुकू पाहतो.

फोर्डला हे ठाऊक होतं. प्रत्येक टॉवरपासून मागे, इंजिन आणि प्रवाशांच्या मधल्या फायरवॉलपर्यंत, पत्र्याची एकेक पट्टी कारखान्यातूनच लावलेली असे. परदेशी जाणाऱ्या गाड्यांत या दोन सुट्या पट्ट्यांऐवजी एकसंध, अधिक भक्कम पट्टी येई. तिला एक्स्पोर्ट ब्रेस म्हणतात. जर्मनीत ‘मस्टँग’ या नावाचे हक्क क्रुप कंपनीकडे होते, त्यामुळे तिथे हीच गाडी ‘टी-५’ म्हणून विकली गेली, एक्स्पोर्ट ब्रेससकट. कॅरोल शेल्बीच्या १९६५च्या जीटी३५०मध्ये या ब्रेसच्या जोडीला टॉवर ते टॉवर जाणारा आडवा दांडाही आला: मोंटे कार्लो बार. १९६४च्या मोंटे कार्लो रॅलीत फाल्कन दुसरी आली होती, पहिला नंबर पॅडी हॉपकर्कच्या चिमुकल्या मिनी कूपरचा.

एक्स्पोर्ट ब्रेस आणि मोंटे कार्लो बार दोन वेगवेगळी कामं करतात, आणि घोटाळा इथेच होतो. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली की दोन्ही टॉवर आत झुकू पाहतात. तेव्हा आडवा दांडा दोघांच्या मध्ये दाबला जातो आणि त्यांना थोपवतो. वळणावर मात्र चित्र पालटतं. गाडी डावीकडे वळताना रस्ता दोन्ही टायरांना डावीकडे ढकलतो. प्रत्येक चाक खालच्या बिजागरीभोवती कलू पाहतं, आणि वरचे आर्म दोन्ही टॉवरांना उजवीकडे नेऊ पाहतात. दोघेही एकाच दिशेला! अशा वेळी नुसता आडवा दांडा दोघांचा भार वाटून घेतो, पण दोघांच्या बरोबरीने स्वतःही उजवीकडे सरकतो. चौकोनाच्या चारही बाजू तेवढ्याच लांबीच्या राहूनही तो तिरका होऊ शकतो. त्रिकोण होऊ शकत नाही, त्यासाठी त्याची एक तरी बाजू ताणावी किंवा दाबावी लागते. पत्र्याच्या छपराखाली सुतार कैची मांडतो ती याच कारणाने. टॉवरपासून फायरवॉलकडे तिरक्या जाणाऱ्या पट्ट्या ही गाडीतली कैची. दोन्हींपैकी एकच बसवणं शक्य असेल तर माझं मत बिनदिक्कत मागच्या पट्टीला.

आता दांड्याच्या आकाराकडे वळू. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर आणि लांबी ७०० मिलिमीटर अशी पोलादी नळी घ्या. दोन्ही टोकांनी १०० किलोचा दाब दिला तर ती साधारण ०.०२४ मिलिमीटर आखडेल. आता तीच नळी एअर क्लीनर चुकवण्यासाठी मध्यावर ५० मिलिमीटर उंच कमानीसारखी वाकवली, तर तेवढ्याच दाबाला ती सुमारे ०.४७ मिलिमीटर आखडते. जवळपास वीसपट! सरळ नळीत पोलाद निव्वळ दाब सोसतं. कमानीत त्याला वाक सोसावा लागतो, आणि वाकवलं जाण्यात बारीक नळी कमजोर. प्रदर्शनांमध्ये क्रोमने चमकणारे डौलदार कमानदार दांडे दिसतात, ते फोटोपुरते छान. कमान टाळणं शक्यच नसेल तर उंची कमीत कमी ठेवावी, कारण वाकामुळे येणारा फरक उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: उंची निम्मी केली तर तो फरक चौथ्या हिश्शावर येतो. सरळ नळी दाबाखाली अचानक वाकून बसेल ही भीतीही फोल आहे. वरच्या मापाच्या नळीला त्यासाठी साधारण चार टनांचा दाब लागेल.

घडवायला सुरुवात पुठ्ठ्यापासून करावी. टॉवरच्या माथ्यावरचे बोल्ट कसे आहेत त्याचा नमुना पुठ्ठ्यावर कापायचा, मग तो जाड प्लेटवर उतरवायचा. माप घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. एअर क्लीनरवर प्लॅस्टिसिनचे गोळे ठेवून बॉनेट अलगद मिटलं की किती जागा उरते ते कळतं; त्यातूनही थोडी सोडावी लागते, कारण व्ही-८ इंजिन ॲक्सिलरेटर दाबताच रबरी माउंटिंगवर एका अंगाला उचललं जातं. नळीची टोकं प्लेटला नीट बिलगतील अशी घासून घ्यायची, बॅटरी सोडवायची, इंधनाच्या नळ्यांवर आग न पकडणारं कापड टाकायचं आणि गाडीवर फक्त टाके मारायचे. पुरं वेल्डिंग बाहेर, प्लेटा जिगवर, म्हणजे भक्कम साच्यावर, आवळून. वेल्ड थंड होताना आकसतो आणि प्लेट ओढतो. मोकळ्यावर केलेला दांडा परत बसतच नाही.

तयार दांडा बसत नाही यामागे वेल्डिंगचाच दोष असेल असंही नाही. टॉवर आत आलेले असले की भोकं जुळत नाहीत. अशा वेळी आधी हायड्रॉलिक जॅकने ते हळूहळू मूळ मापावर आणावे लागतात. काही जण नळीच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे पाडतात, म्हणजे नळी फिरवून लांबी जुळवता येते. सोय चांगली आहे, पण ती मिलिमीटरभर फरकासाठी. कललेला टॉवर त्यानेच रेटत बसू नये. भोकातल्या ढिलाईकडेही लक्ष हवं. बोल्ट करकचून आवळलेला नसेल आणि भोकात अर्धा मिलिमीटर फट असेल, तर दांडा काम सुरू करायच्या आधीच टॉवर तेवढा हललेला असतो. सरळ नळीच्या ०.०२४ मिलिमीटरशेजारी हा अर्धा मिलिमीटर ठेवून पाहा! तोटाही सांगायला हवा: अपघातात एका बाजूला बसलेला मार दांडा दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचवतो, मग दुरुस्ती दोन्हीकडची.

केलेलं काम तपासायला एक डायल गेज पुरतो. एका टॉवरला बांधलेल्या काठीवर तो बसवायचा, त्याचं टोक दुसऱ्या टॉवरला टेकवायचं, मग पुढची चाकं अधांतरी होईपर्यंत गाडी जॅकवर उचलून पुन्हा खाली घ्यायची. एकदा दांड्याचे बोल्ट सैल ठेवून, एकदा आवळून. दोन्ही वेळा काटा सारखाच हलला, तर आधी प्लेटा आणि बोल्ट बघायचे. तेही घट्ट असतील तर दांडा काढून ठेवायचा आणि टॉवरच्या बुडाशी रंगाखाली दडलेला तडा शोधायचा.