माडाचा वैरी आणि हिरवी बुरशी

मुंबईला जुहूच्या किनाऱ्यावर माड आहेत. तिथून खाली अलिबाग, रत्नागिरी, वेंगुर्ल्यापर्यंत माडच माड. आणि जिथे माड, तिथे गेंड्या भुंगा. काळा, अंगठ्याएवढा, डोक्यावर शिंग. रात्री दिव्यावर येऊन आपटतो, तोच हा.

हा माडाच्या शेंड्यात शिरतो आणि मिटलेला कोंब पोखरतो. पुढे कोंब उघडला, की झावळी कात्रीने कापल्यासारखी दिसते. लहान माडाचा गाभाच खाल्ला, तर माड मरतो. पाच-सहा वर्षे कळशीने पाणी घालून वाढवलेले झाड हातचे जाते.

आता पाहा. भुंगा जेवतो माडावर, पण त्याचा पाळणा हलतो आपल्याच उकिरड्यात! मादी शेणखतात, नाहीतर कुजक्या माडाच्या खोडात अंडी घालते. एकेक मादी शंभरावर अंडी घालते. त्यांतून पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या निघतात. त्या तीन-चार महिने खत खात पडून असतात. अळी माडाला काही करत नाही, म्हणून आपण तिच्याकडे पाहत नाही. इथेच चुकते.

माडावर चढून आकड्याने भुंगा ओढून काढता येतो. काढावाच. पण रोज किती माड चढणार? त्यापेक्षा उकिरड्यातच त्याला गाठलेले बरे.

माणसाला रोग होतो, तसा किड्यालाही होतो. १८७९ साली मेचनिकोव नावाच्या शास्त्रज्ञाने, आज युक्रेन देशात असलेल्या ओडेसा भागात, गव्हावरच्या भुंगेऱ्याला मारणारी एक हिरवी बुरशी अभ्यासली. त्याच जातकुळीची बुरशी आज माडवाल्यांच्या कामी येते. तिचे नाव मेटारायझियम. नाव अवघड खरे, पण तेच सांगून ती मागावी लागते.

या बुरशीचे बी इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. ते अळीच्या अंगाला चिकटते. ओल मिळाली की रुजते आणि कातडीतून आत शिरते. अळी मंदावते, मरते, कडक होते. अंगावर आधी पांढरी बुरशी येते, मग हिरवी पूड. त्या पुडीने दुसऱ्या अळ्यांना लागण होते.

याहून सूक्ष्म रोगही आहे. १९६३ साली ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलायात या भुंग्याचा विषाणू सापडला. १९६७ साली तो सामोआ बेटांवर सोडला. आजारी भुंगे स्वतःच उडत उडत रोग पसरवू लागले. तिथले माड सावरले. पण २००७ साली ग्वाम बेटावर आढळलेल्या भुंग्याच्या वाणावर हा विषाणू चालला नाही. तेव्हा हा काही मंत्र नव्हे.

तुम्ही म्हणाल, बुरशी गुरांना बाधेल का? नाही, माडालाही नाही. तरी कोरडी पूड हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे. पूड पाण्यात कालवून पावसाळ्यात, संध्याकाळच्या वेळी खतावर शिंपावी आणि खत वरखाली करावे. कडक उन्हात तिचे बी मरते. बुरशी मारणारे औषध त्यात मिसळू नये. विषासारखा लगेच गुण येत नाही. काही आठवडे थांबावे लागते.

खत उपसताना हिरवी, कडक झालेली अळी मिळाली, तर फेकू नका. शेजाऱ्याच्या उकिरड्यात पुरा. त्याचा भुंगा तुमच्याच माडावर येतो ना! मात्र त्याला सांगून पुरा.