आधी हवेवर, मग पाण्यावर

2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे पोचले, हे नव्यानं सांगायला नको. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्यांचं बजेट कोलमडलं. कोलकात्याच्या चांदनी मार्केटमधून एकेक पार्ट जमवून बालीगंजच्या फ्लॅटमध्ये मशीन उभं करणाऱ्यांना म्हणूनच कळकळीनं सांगावंसं वाटतं, की मशीन पाण्यानं थंड करायची घाई करू नका. आधी ते साध्या पंख्यावर चालवून बघा.

यात भित्रेपणा नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडायच्या असल्या तर पुष्कळदा अगदी सुरुवातीलाच बिघडतात. ग्राफिक्स कार्डाला वॉटर ब्लॉक बसवायचा, तर कंपनीचा पंखा आणि हीटसिंक उतरवावा लागतो. कार्ड मुळातच सदोष निघालं, तर दुकानदाराशी वाद घालायची वेळ येते. मशीन मध्येच बंद पडलं, तर दोष चिपचा, पंपाचा की ब्लॉक नीट न बसल्याचा, हे शोधताना दोन-दोन रात्री जातात.

2024चं इंटेल प्रकरण आठवा. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना कोसळत होते. कारण वाढीव व्होल्टेजचं निघालं. कंपनीनं मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर थेट पाण्याखाली घातला असता, तर बिचाऱ्या पंपावरच आळ आला असता.

तेव्हा कॅबिनेटला हात लावण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवावा. प्रोसेसर, साधा कूलर आणि रॅमची एकच पट्टी लावून बायोस दिसतो का बघावं, मग बाकीच्या पट्ट्या लावाव्यात. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट86 चालू द्यावं. त्यात एकही चूक खपवून घेऊ नये. ग्राफिक्स कार्डाला त्याच्याच पंख्यांवर तासभर राबवावं आणि खोलीच्या तापमानासकट सगळे आकडे वहीत लिहावेत. पाणी घातल्यावर नेमकं काय सुधारलं, हे या आकड्यांशिवाय कळणारच नाही. एक मात्र ध्यानात ठेवावं. रायझन 7000च्या वरच्या चिपा पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जातात, त्या तशाच बनवलेल्या आहेत. तो आकडा बघून चाचणी फसली असं समजू नये.

बालीगंजच्या दमट हवेची भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. दमटपणानं घाम सुकत नाही म्हणून आपला जीव कासावीस होतो. रेडिएटरला घाम येत नाही, त्याच्यापुरतं खोलीचं तापमान महत्त्वाचं. खोली 34 अंशांवर असेल, तर लूपमधलं, म्हणजे पंप, ब्लॉक आणि रेडिएटरमधून फिरणारं पाणी त्याच्या खाली जाणार नाही. बर्फ किंवा चिलर लावायचा मोह मात्र इथे महागात पडेल. मे-जूनमध्ये दवबिंदू 25-26 अंशांच्या आसपास असतो, त्याहून थंड झालेल्या ब्लॉकवर दव धरणारच.

पुण्यात आयसरच्या 'परम ब्रह्म' महासंगणकातही द्रव थेट चिपजवळ नेऊन उष्णता काढली जाते, त्यामुळे हे तंत्र काही हौशी लोकांचा चाळा नव्हे. पण तिथे अभियंते दिमतीला असतात, घरी आपणच. लूप जोडल्यावर हवा भरून दाब मोजणारा छोटा हातपंप लावावा, आणि अर्धा तास काटा हलला नाही तरच डिस्टिल्ड पाणी भरावं. मग बाकी सगळ्या पार्टांची वीज तोडून एकट्या पंपालाच द्यावी आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरून रात्रभर पाणी फिरू द्यावं.