थायलंडांतील बिऱ्हाड

परदेशीं जाऊन चार दिवस पाहुणचार घेणें निराळें आणि तेथें चूल मांडून बिऱ्हाड करणें निराळें. प्रवाशास देवळें, डोंगर आणि बाजार दिसतात. बिऱ्हाडकरूस घरभाडें, भाजीपाला आणि सरकारी कचेरी यांचा विचार पडतो. माझी मुलगी व जांवई नोकरीनिमित्त उत्तर थायलंडांतील चियांग माई या शहरीं राहतात. त्यांच्याकडे मी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत राहिलों. ‘बाबा, आतां येथेंच राहा,’ असा मुलीचा आग्रह होता. त्याचें उत्तर शोधतांना जें दिसलें, तें आज आपणांस सांगणार आहें.

चियांग माई म्हणजे ‘नवें नगर’. तें मेंगराय राजानें इ. स. १२९६ मध्यें वसविलें. जुन्या गांवाभोंवतीं चौकोनी खंदक आहे. पश्चिमेस दोइ सुथेप हा डोंगर व पूर्वेच्या अंगास पिंग नदी. पहाटे भिक्षू अनवाणी भिक्षेस निघतात आणि लोक वाकून त्यांच्या पात्रांत अन्न घालतात. सकाळीं ८ व सायंकाळीं ६ वाजतां सार्वजनिक ठिकाणीं राष्ट्रगीत लागतें, तेव्हां माणसें जागच्या जागीं उभीं राहतात. गांवांत फिरावयास मागें समोरासमोर दोन बांकें असलेल्या तांबड्या गाड्या मिळतात. त्यांचें नांवच ‘सोंगथेव’, म्हणजे ‘दोन रांगा’.

चालीरीतींपैकीं पुष्कळ आपल्या ओळखीच्या. हात जोडून करावयाचा ‘वाइ’ हा आपला नमस्कारच; तो धाकट्यानें आधीं करावयाचा. पादत्राणें दाराबाहेर काढावयाचीं, कोणाकडे पाय करून बसावयाचें नाहीं. परंतु ओळखीच्या वाटेवरहि ठेंच लागते. शेजारचें पोर गोड हसलें म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवावयास गेलों, तों मुलीनें माझा हात मागें ओढला. आपल्याकडे जो आशीर्वाद, तो तेथें परक्यानें केलेला अनादर. कारण मस्तक हा देहाचा पवित्र भाग मानितात.

भाषा प्रथम अगदीं परकी वाटते; परंतु लक्षपूर्वक ऐकिलें म्हणजे ओळखीचे शब्द भेटूं लागतात. भाषेस ‘फासा’, आहारास ‘अहान’, वेळेस ‘वेला’ आणि गुरूस ‘ख्रू’ म्हणतात. शब्द आपल्या इकडून गेलेले, उच्चार मात्र तेथले. खरी अडचण सुरांची. थाई भाषेंत पांच सूर आहेत आणि सूर बदलला कीं अर्थ बदलतो. ‘माइ’ म्हटलें तर सुराप्रमाणें नवें, नाहीं, लांकूड किंवा रेशीम असा अर्थ होऊं शकतो. जन्मभर पोरांचे उच्चार सुधारणाऱ्या मला तेथें भाजीवालीनें हंसत हंसत धडे दिले.

शाकाहारी माणसाची परीक्षा जेवणांत होते. भाज्या, फळें, नारळ आणि तांदूळ यांची रेलचेल आहे. पण साध्या भाजींतहि मिठाच्या जागीं ‘नाम प्ला’, म्हणजे माशांपासून केलेला खारट रस, पडतो. पिवळ्या पाटीवर तांबड्या रंगांत ‘जे’ ही खूण दिसली म्हणजे निर्धास्त आंत जावें. तेथें मांस, मासे व अंडीं नसतातच, पण कांदा-लसूणहि वर्ज्य. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यांत, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवस असें अन्न जागोजाग मिळतें.

आतां कचेरीकडे वळूं. परकीयास तेथें सामान्यतः जमीन विकत घेतां येत नाहीं. मोठ्या इमारतींतील सदनिका घेतां येते. मात्र अशा इमारतींत परकीयांच्या मालकीचें क्षेत्र शेंकडा ४९ हून अधिक होतां कामा नये. नोकरदाराचा राहण्याचा परवाना नोकरीस बांधलेला असतो. ती सुटली कीं मुक्काम हलवावा लागतो. पन्नाशी गांठलेल्या निवृत्तास वर्षावर्षाचा परवाना मिळतो. त्यासाठीं तेथील बँकेंत ८ लक्ष बात ठेव किंवा दरमहा ६५ हजार बात प्राप्ति दाखवावी लागते, आणि कामधंदा करण्यास मनाई असते. ८ लक्ष बात म्हणजे सुमारें वीस लाख रुपये. शिक्षकाच्या पेन्शनीस हा हिशेब झेपणारा नव्हे. माझा जांवई तेथें नऊ वर्षें कर भरीत आहे. तरीहि दर ९० दिवसांनीं ‘मी याच पत्त्यावर राहतों’ असें तो कळवितो. न कळविल्यास दंड होतो.

पैशांहून मोठी अडचण हवेची. फेब्रुवारी ते एप्रिल शेतांतील मक्याचीं ताटें व पाचोळा जाळितात, रानांत वणवे पेटतात, सीमेपलीकडूनहि धूर येतो आणि डोंगरांमधल्या खोऱ्यांत तो कोंडून राहतो. मार्च २०२३ मध्यें जगांतील अत्यंत दूषित हवेच्या शहरांत चियांग माईचें नांव कित्येक दिवस अग्रभागीं होतें. माझ्या मुक्कामांतहि समोरचा दोइ सुथेप दिसेनासा होई आणि रात्रीं खोकल्यानें झोंप लागत नसे. नात दारें लावून आंत खेळे. पाऊस सुरू झाला, तेव्हां डोंगर पुन्हां दिसला.

जूनमधल्या एका गुरुवारीं नातीच्या शाळेंत ‘वाइ ख्रू’, म्हणजे गुरुवंदनाचा समारंभ होता. मुलें गुडघ्यांवर पुढें सरकत गुरूंना फुलें देत होतीं. त्या फुलांत मला दूर्वा दिसल्या. दूर्वा जशी पसरते तशी विद्या वाढावी, आणि वांग्याचें फूल खालीं वांकतें तशी नम्रता यावी, असा त्यांचा अर्थ मुलीनें सांगितला. छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलेला माणूस मी; माझे डोळे भरून आले.

त्या रात्रीं मीं मुलीस उत्तर दिलें. दरवर्षीं कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, पाण्यांत दिवे सोडण्याचा त्यांचा सण असतो तेव्हां, मी येईन. आणि धूर भरण्यापूर्वीं पौषांत परत जाईन. तिचें समाधान अर्धेंच झालें. खरें सांगावयाचें तर माझेंहि तसेंच झालें.