मुंबई ते कराची : अंतर किती, वेळ किती ?



मुंबईहून कराची किती लांब आहे, असें कोणी विचारलें तर त्याचें उत्तर एकच असावें असें आपणांस वाटतें. परंतु आकाशमार्गाच्या बाबतींत या प्रश्नाला तीन उत्तरें आहेत : एक नकाशाचें, दुसरें घड्याळाचें आणि तिसरें राज्यकर्त्यांचें.

प्रथम नकाशा पाहूं. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणला, तर तो सौराष्ट्र आणि कच्छ यांवरून जातो व सुमारें ८७५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपांचशें मैल भरतो. याचा अर्थ असा कीं, मुंबईस दिल्लीपेक्षां कराची जवळ आहे.

आतां घड्याळ. जेट विमान ताशीं सुमारें ८०० किलोमीटर वेगानें जातें. त्या हिशेबानें एक तास पांच मिनिटें पुरावींत. पण विमानास धांवपट्टीपर्यंत जावयाचें असतें, हळूहळू उंची गांठावयाची असते आणि तितक्याच सावकाशीनें उतरावयाचें असतें. म्हणून प्रत्यक्ष प्रवासास सुमारें दीड तास धरावा. शिवाय कराचीचें घड्याळ आपल्यामागें अर्धा तास आहे. दहा वाजतां मुंबई सोडणारा प्रवासी तेथें उतरेल तेव्हां तेथील घड्याळांत अकराच वाजलेले असतील. परततांना मात्र हा अर्धा तास त्याला परत द्यावा लागेल.

या मार्गाचा इतिहासहि जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा एका लहानशा पस मॉथ विमानांतून टपाल घेऊन सकाळीं कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून दुपारीं जुहूस उतरले. सुमारें सात तास लागले. तेव्हां सिंध मुंबई इलाख्यांतच होता. तो १९३६ सालीं वेगळा झाला.

आतां तिसरें उत्तर. १९४४ सालच्या शिकागो येथील करारानें प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केली आहे. वाट आकाशांतून असली, तरी ती परवानगीवांचून खुली होत नाहीं. या दोन शहरांमधील थेट विमानसेवा आधींच बंद पडली होती. एप्रिल २०२५ मध्यें तर दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाशहि बंद केलें. अशा वेळीं प्रवाशास दुबईवरून जावें लागतें. मुंबई ते दुबई सुमारें १,९३० आणि दुबई ते कराची सुमारें १,१९० किलोमीटर. एकूण ३,१२० किलोमीटर, म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीनपट! हवेंत पांच तास जातात आणि विमान बदलण्यास दोन तास धरले तर सात होतात. १९३२ सालच्या त्या लहानशा विमानास लागले होते तितकेच.

यंत्राचा वेग कितीतरी पटींनीं वाढला, पण बहिणीच्या दारीं कराचीस जाऊं इच्छिणाऱ्या मुंबईकरास त्या वाढीचा लाभ मिळाला नाहीं. तेव्हां दोन शहरांमधील अंतर सांगतांना मैलांबरोबर वाट कोणती खुली आहे, हेंहि सांगावयास हवें.