गर द्यायचा, बी राखायची

श्रीखंडावर किंवा बासुंदीत चिमूटभर चारोळी पडते, तेव्हा ती कुठल्या तरी मळ्यात पिकली असेल असं खाणाऱ्याला वाटत असावं. प्रत्यक्षात बाजारातली बरीचशी चारोळी आजही रानातल्या झाडांची असते. विदर्भापासून छत्तीसगड, मध्य प्रदेश, झारखंडपर्यंतच्या पानझडी जंगलांत एप्रिल-मेमध्ये चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं पिकतात. वाटाण्याहून जराशी मोठी, पिकल्यावर काळीजांभळी. गर पातळ आणि आंबटगोड. पोरं तो चोखून बी थुंकून टाकतात. मोठी माणसं त्या बीच्याच मागे असतात.

बी मिळवणं मात्र सोपं नाही. फळं रात्रभर भिजवायची, चोळून साल-गर काढायचा, बिया खडखडीत वाळवायच्या आणि मग जात्यात घालायच्या. जात्याच्या तळ्यांमधलं अंतर थोडं वाढवून ठेवावं लागतं. जास्त जवळ आणल्या तर चारोळीचा भुगा, जास्त लांब ठेवल्या तर बी तशीच्या तशी बाहेर. मग सुपात पाखडून टरफल वेगळं करायचं. एवढ्या खटाटोपानंतर हाती येणाऱ्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं. झाडानं ही शिदोरी माणसासाठी बांधलेली नसते, ती रोपट्यासाठी असते. म्हणून तर तिच्याभोवती इतकं टणक कवच.

रानफळांकडे या नजरेनं पाहिलं की घरोघरी चालणाऱ्या बऱ्याच उठाठेवींचा अर्थ लागतो. गर हे झाडानं दिलेलं भाडं आहे. पाखरानं, माकडानं, अस्वलानं ते खावं आणि बी दूर नेऊन टाकावी, एवढाच करार. करवंदं, जांभळं, बोरं आपण याच करारानुसार खातो. अस्वल तर तो इमानेइतबारे पाळतं: बोरं, जांभळं, टेंभुर्णी गिळून त्यांच्या बिया विष्ठेतून रानभर पेरत फिरतं. माणूस मात्र भाडंही घेतो आणि मालही. त्यामुळे बी राखायला झाडानं जी जी हत्यारं परजली आहेत, ती एकेक करून बोथट करणं हे आपल्या स्वयंपाकघराचं काम होऊन बसलं.

यातलं सगळ्यात जहाल हत्यार बिब्ब्याचं. आंबा, काजू, पिस्ता आणि चारोळी यांच्याच कुळातलं हे झाड. काजूच्या बोंडाला बी लटकते, तशीच इथंही रचना: मांसल, पिवळसर नारिंगी देठ आणि त्याच्या टोकाला काळाकुळकुळीत बिब्बा. देठ हे भाडं. तो वाळवला की बिब्ब्याची फुलं म्हणून बाजारात येतो आणि हिवाळ्यात आवडीनं खाल्ला जातो. काळ्या भागाच्या सालीत मात्र दाट, झोंबरं तेल भरलेलं असतं आणि त्याच्या आत पांढरी गोडंबी. पश्चिम विदर्भात, अकोला-वाशीम भागात, बिब्बे फोडून गोडंबी काढणं हा अनेक घरांतल्या बायकांचा उद्योग आहे. हातांना तेल चोपडायचं, बिब्बे राखेत घोळवायचे, दगडावर धरून वरून नेमका घाव घालायचा. घाव बसला की तेलाची चिळकांडी उडते. बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते, उतते. डिंकाच्या लाडवातल्या गोडंबीचा भाव सांगताना हा खर्च कुणी धरत नाही.

त्या तेलातलं मुख्य द्रव्य भिलावनॉल. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या कुप्रसिद्ध वेलीत आणि जपानी लाखकामाच्या झाडात जे उरुशिऑल असतं, त्याचं हे सख्खं भावंड. पंधरा कार्बनच्या लांब शेपटीमुळे ते कातडीच्या स्निग्ध थरात सहज शिरतं, तिथं त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं. शरीराच्या टी-पेशींना ही प्रथिनं परकी वाटू लागतात. पहिल्या खेपेला अनेकांना काहीच होत नाही, तेवढ्यात पेशी फक्त ओळख पटवून घेतात. पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी फोड उठतात. बिब्ब्याचं हेच तेल पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला शाई म्हणून वापरत. चुन्याबरोबर ती इतकी पक्की बसते की धुऊन जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमक्या या खुणांच्या जागी पुरळ उठू लागलं आणि लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याची रीतसर नोंद केली. आंब्याचा चीक लागून ओठ उततात किंवा ओले काजूगर काढणाऱ्या कोकणातल्या बायकांची बोटं भाजतात, त्यामागेही या कुळातली अशीच द्रव्यं आहेत.

कोकणातल्या रातांब्याचा खाक्या वेगळा. तो भाजत नाही, आंबवतो. त्याची आंबट चव मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाची. रातांबा ज्यात मोडतो त्या गार्सिनिया प्रजातीतल्या फळांचा आंबटपणा टार्टारिक किंवा सायट्रिक आम्लाचा असावा, असा समज बरीच वर्षं होता. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये त्याचा निकाल लावला. साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवल्या की आमसुलं होतात: पाणी उडून जातं, आम्ल आणि मीठ उरतं, बुरशीला थारा मिळत नाही. बिया राहिल्या तरी त्या वाया जात नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तवंग येतो. तो गोळा करून हातानं गोळे वळायचे, झालं मुठेल. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्यानं ते चाळिशीच्या आसपासच्या तापमानापर्यंत घट्ट राहतं. भेगाळलेल्या टाचांवर चोळायला याच्यासारखं दुसरं काही नाही, हे कोकणात नव्यानं सांगावं लागत नाही.

मोहाची गोष्ट तर फारच चतुर. रात्री वटवाघळं येऊन परागीभवन करून जातात आणि पहाटे गोड, रसरशीत पाकळ्यांचा पेला तेवढा गळून पडतो. बीजांडकोश वर फांदीवरच राहतो, त्याचीच पुढे टोळ, म्हणजे फळ, बनते. म्हणजे टोपलीभर मोहफुलं वेचली तरी झाडाचं एकही फळ कमी होत नाही. वेचण्यात इतकी निरुपद्रवी दुसरी वस्तू रानात क्वचितच सापडेल. पण वेचणं सोपं व्हावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तिथून वणवा पसरतो. झाडाखाली जाळी बांधणं हा त्यावरचा साधा उपाय. टोळीचं मात्र तसं नाही. तेलासाठी सगळ्या बिया नेल्या तर नवी रोपं येणार कुठून? मोहाची बी साठवणीत फार टिकत नाही, थोड्याच दिवसांत तिची उगवणक्षमता जाते. तेल काढल्यावर उरणारी पेंड सॅपोनिनमुळे माशांना इतकी विषारी असते की तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती वापरतात. तेच झाड, एका टोकाला मध आणि दुसऱ्या टोकाला विष.

हल्ली शहरी मंडळींनाही रानमेव्याचं वेड लागलंय, ते चांगलंच आहे. पण बी चवीला गोड लागली म्हणजे ती खाण्याजोगी, हा हिशेब खरा नाही. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी पोरं त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन दवाखान्यात भरती होतात; अशा बातम्या महाराष्ट्रात वरचेवर छापून येतात. त्या बियांतले फॉर्बोल एस्टर भाजल्यानंही पुरते नष्ट होत नाहीत. जाणत्या माणसानं दाखवल्याशिवाय रानातली बी तोंडात टाकू नये.

चारोळीकडे परत यायचं तर तिचं दुखणं बाजारातून आलंय. आपण थांबलो तर दुसरा कुणी तोडून नेईल, या धास्तीनं फळं हिरवी असतानाच काढली जातात, कधी फांदीच छाटली जाते. कच्च्या बीत दाणा पुरता भरलेला नसतो, म्हणजे भावही कमी आणि रोप यायची आशाही कमी. रान सगळ्यांचं आणि म्हणून कुणाचंच नाही, अशी स्थिती असेल तर एकट्यानं थांबून काही साधत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट इथं लागू पडते. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपानं तोडणंच बंद केलं. हा हमखास पैसा देणारा हंगाम. पण पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, आणि मग झाडाला फळ धरत नाही. गावानं उत्पन्नासाठी बांबूवर भर दिला. तेंदूच्या झाडांवर टेंभुर्णी पिकू लागली: कच्ची असताना टॅनिनमुळे जीभ आखडवणारी, पिकल्यावर पिवळी, चिकट आणि गोड. ती घरी खाता येते आणि विकताही येते.